स्वेटरच्या कोपरावरचे रफू

वाचकाचे पत्र

स. न.
मी सत्तावीस वर्षांची असून एका जाहिरात संस्थेत ग्राफिक डिझायनर आहे. दिवसभर इतरांनी ठरवलेल्या रंगांत आणि इतरांनी ठरवलेल्या अक्षरांत काम करते, आणि रात्री स्वतःसाठी अतिवास्तव शैलीतली डिजिटल चित्रे करते. मागच्या महिन्यात मी माझा पोर्टफोलिओ नव्याने लावला आणि त्याच्या आरंभी एक वाक्य लिहिले: ‘माझी चित्रे ही व्यक्तित्वाची आणि सर्जनशील विचाराची ढाल आहेत.’ आमच्या वरिष्ठांनी ते सगळ्यांसमोर मोठ्याने वाचले आणि म्हणाले, ‘ही ढाल आता दहा सेकंदांत तयार होते, एक ओळ टाइप केली की झाले.’ सगळे हसले. मीही हसले. त्या दिवसापासून, म्हणजे गेले तीन आठवडे, मी रात्री फाइल उघडते आणि काही न करता बंद करते. घरी भाऊ विचारतो, या चित्रांचा अर्थ काय, आणि मला उत्तर देता येत नाही. माझे वाक्य खोटे होते का? यंत्र हेच करणार असेल तर मी हे सोडून द्यावे का? की मीही यंत्रच वापरावे? सोबत तीन चित्रे पाठवत आहे. तिसरे अपुरे आहे आणि त्याविषयी मला काहीच सांगता येत नाही, उगाच पाठवते आहे. कृपया नाव छापू नये.

उत्तर

प्रिय वाचक,

तुमच्या विनंतीप्रमाणे नाव छापलेले नाही. चित्रेही छापत नाही; मात्र त्यांच्याविषयी बोलल्यावाचून तुमच्या प्रश्नांना उत्तर देता येणार नाही, म्हणून इतर वाचकांसाठी ती थोडक्यात सांगते. पहिल्या चित्रात रात्रीच्या शहरावरून एक देवमासा तरंगत चालला आहे आणि त्याच्या पोटात चंद्र आहे. दुसऱ्यात सूट घातलेला एक माणूस असून त्याच्या डोक्याच्या जागी पक्ष्याचा पिंजरा आहे आणि पिंजऱ्याचे दार उघडे आहे. तिसऱ्यात एक प्रतीक्षागृह आहे. प्लॅस्टिकच्या सहा खुर्च्या ओळीने मांडलेल्या आहेत आणि प्रत्येक खुर्चीवर एकेक रिकामा स्वेटर बसला आहे. आत माणूस नाही, बाह्या मात्र मांडीवर हात ठेवावेत तशा पुढे घेतलेल्या. वर नंबर दाखवणाऱ्या पाटीवर ४७ हा आकडा आहे आणि त्या आकड्यातून पाणी गळते आहे. डावीकडून दुसऱ्या स्वेटरच्या कोपराला पडलेले भोक कोणीतरी रफू केले आहे. स्वेटर करडा आणि रफूची लोकर निळी, कारण त्या दिवशी घरात बहुधा करडी लोकर नव्हती.

वाक्य खोटे होते का, हा तुमचा पहिला प्रश्न. ते खोटे नाही, पण तीनपैकी दोन चित्रे त्याच्या बाजूने साक्ष देत नाहीत. वरिष्ठांनी ते ज्या रीतीने वाचून दाखवले ती रीत असभ्य होती, त्याविषयी पुढे बोलेनच. परंतु देवमासा आणि पिंजरा यांच्यापुरते त्यांचे म्हणणे खरे आहे, आणि तुम्हाला ते झोंबले याचे कारणही बहुधा तेच असावे. निव्वळ मूर्खपणाचे बोलणे माणसाला तीन आठवडे काम बंद करायला लावत नाही.

शांतपणे स्वतःला विचारा, हा देवमासा तुमच्याकडे आला कुठून? तुम्ही कधी देवमासा पाहिला आहे का, त्याची भीती किंवा ओढ तुम्हाला लहानपणापासून आहे का, की हवेत तरंगणारे देवमासे तुम्ही इतक्या वेळा पडद्यावर पाहिले की ‘स्वप्नासारखे काहीतरी’ काढायला बसल्यावर हाताला तोच पहिला लागला? पिंजऱ्याचेही तसेच. धडाच्या जागी पिंजरा असलेला, टोपी घालून बसलेला माणूस बेल्जियन चित्रकार रने माग्रित यांनी १९३७ मध्ये रंगवला. तुम्ही तो चोरला असे मी म्हणत नाही. तो इतक्या हातांतून फिरून आला आहे की आता त्याला मूळ मालक उरलेला नाही आणि धारही उरलेली नाही. विचित्र दिसणे आणि स्वतःचे असणे या दोन वेगळ्या गोष्टी आहेत, आणि आज तर विचित्र दिसणे ही सगळ्यांत स्वस्त शैली झाली आहे.

हे स्वस्त कसे झाले, हे समजून घेणे तुमच्या उपयोगाचे आहे. अतिवास्तववाद्यांना, म्हणजे स्वप्न आणि अबोध मन यांतून कला घडवू पाहणाऱ्या १९२० च्या दशकातल्या लेखक-चित्रकारांना, एकोणिसाव्या शतकातल्या लोत्रेआमों या कवीची एक उपमा फार प्रिय होती: शवविच्छेदनाच्या टेबलावर शिवणयंत्र आणि छत्री यांची अवचित गाठ पडावी, तसे सौंदर्य. एकमेकींशी काही संबंध नसलेल्या दोन वस्तू अनोळखी जागी शेजारी ठेवायच्या आणि ठिणगी पडते का ते पाहायचे, हे त्यांच्या कामाचे एक प्रमुख सूत्र होते. आता २०२१ च्या जानेवारीत एका कंपनीने शब्दांवरून चित्र काढणारी जी प्रणाली जगाला दाखवली, ‘डॉल-ई’ या तिच्या नावातच अतिवास्तववादी चित्रकार साल्वादोर दाली यांचे नाव गुंफलेले होते, आणि तिचा सर्वांत गाजलेला नमुना होता अॅव्होकॅडोच्या आकाराची आरामखुर्ची. म्हणजे शिवणयंत्र आणि छत्री यांची भेट घडवून देणे हे यंत्राचे पहिलेच कौतुक ठरले. जी गोष्ट शंभर वर्षांपूर्वी बंडखोरी होती ती आता प्रात्यक्षिकातला पहिला धडा आहे. गाठ घालून देणे फुकट झाले. कोणाची गाठ कोणाशी घालायची, आणि का, एवढाच भाग माणसाकडे राहिला.

यंत्र हे कसे करते तेही सांगते, कारण ‘दहा सेकंदांत’ या शब्दांचा दरारा त्यामुळे थोडा कमी होईल. २०२२ पासून सर्वत्र पसरलेल्या अशा बहुतेक प्रणाली केवळ ठिपक्यांच्या गोंधळापासून सुरुवात करतात आणि टप्प्याटप्प्याने तो गोंधळ काढून टाकत दिलेल्या शब्दांशी जुळेल अशा चित्राकडे सरकतात. काय जुळते हे त्या आधी दाखवलेल्या चित्रांवरून शिकलेल्या असतात. अशा शिक्षणासाठी वापरल्या गेलेल्या एका प्रसिद्ध संग्रहात चित्र आणि त्याचे वर्णन अशा सुमारे ५.८५ अब्ज जोड्या होत्या. जे पुष्कळदा एकत्र दिसले तिकडे असे यंत्र सहज झुकते. ‘स्वप्नवत’ असा शब्द टाकला की तरंगणारा देवमासा यायचाच, कारण आपण सगळ्यांनी मिळून तो तिथे ठेवला आहे.

याचे सर्वांत बोलके उदाहरण त्याआधीचे, २०१५ चे आहे. चित्रे ओळखायला शिकवलेल्या एका जाळ्याला (मेंदूच्या धर्तीवर रचलेल्या संगणक-प्रणालीला, म्हणजे न्यूरल नेटवर्कला) गूगलमधल्या अभियंत्यांनी उलटे चालवले आणि जे तुला दिसते ते आणखी ठळक कर, असे सांगितले. ढगांचे छायाचित्र दिले तरी त्यातून कुत्र्यांची तोंडे उगवू लागली. झाडांत कुत्रे, डोंगरांत कुत्रे, माणसाच्या गालावर कुत्र्याचा डोळा. कारण साधे होते. त्या जाळ्याला ज्या संग्रहावर शिकवले होते त्यात कुत्र्यांच्या १०० हून अधिक जाती होत्या. त्याने आयुष्यात जे पाहिले तेच त्याला ढगात दिसले. मला त्या चित्रांचे हसू येते, पण ते हसू जरा जपूनच, कारण रात्री कामाला बसण्याआधी तासभर मीही फोनवर बोट फिरवलेले असते, आणि मग माझ्याही ढगात कुत्रेच दिसतात.

अतिवास्तववादाचा मूळ हेतू तुम्ही तुमच्या वाक्यात लिहिला त्यापेक्षा थोडा वेगळा होता, आणि माझ्या मते अधिक कामाचा. या चळवळीचे प्रवर्तक, फ्रेंच कवी आंद्रे ब्रतों हे वैद्यकाचे विद्यार्थी होते. पहिल्या महायुद्धात त्यांनी मनोविकारग्रस्त सैनिकांच्या रुग्णालयात काम केले आणि त्यांचे असंबद्ध वाटणारे बोलणे कान देऊन ऐकले. १९२४ च्या जाहीरनाम्यात त्यांनी अतिवास्तववादाची जी व्याख्या दिली ती मनाच्या स्वयंचलनाची आहे. बुद्धीचा पहारा नसताना विचार कसा चालतो, ते उतरवून घेणे. बाहेरून लादलेली शिस्त ही त्यांची एक शत्रू होती, पण दुसरी अधिक चिवट शत्रू स्वतःचीच सवय होती. म्हणून त्यांच्या जवळपास सगळ्या युक्त्या चित्रकाराच्या स्वतःच्या हातालाच चकवणाऱ्या आहेत. याच गटातले जर्मन चित्रकार माक्स अर्न्स्ट १९२५ च्या ऑगस्टमध्ये समुद्राकाठच्या एका खाणावळीत उतरले असताना तिथल्या झिजलेल्या लाकडी फळ्यांवर त्यांची नजर खिळली. त्यांनी जमिनीवर कागद टाकले, वरून काळे शिसे घासले आणि उमटलेल्या रेषांकडे ते इतका वेळ पाहत बसले की त्यांत अरण्ये आणि पक्षी दिसू लागले. त्याच सुमारास ही मंडळी कागदाच्या घडीचा खेळ खेळत: एकाने डोके काढून घडी घालायची, दुसऱ्याने ते न पाहता धड काढायचे, तिसऱ्याने पाय. व्यक्तित्वाची एवढी चाड असलेली माणसे आपले चित्र अर्धे दुसऱ्याच्या हाती का देत, याचा विचार करून पाहा. ‘माझे’ म्हणून जे पहिल्यांदा सुचते ते बऱ्याचदा माझे नसतेच, हे त्यांना कळले होते.

जाता जाता एक गोष्ट सांगून टाकते, कारण ढाल या शब्दाला ती लागू पडते. स्वातंत्र्याचा एवढा उद्घोष करणाऱ्या याच गटाने १९३४ मध्ये दाली यांना समोर उभे करून त्यांची चौकशी केली, आणि पुढे त्यांना गटाबाहेर काढले. दाली यांची राजकीय वागणूक समर्थनीय होती असे नाही. तरी बंडखोरांचाही लवकरच गणवेश होतो, हे विसरू नये. याउलट माग्रित आयुष्यभर सूट आणि गोल टोपी घालून एखाद्या कारकुनासारखे वावरले, घरच्या नीटनेटक्या खोलीत चित्रे काढत राहिले, आणि तुम्हाला आवडेल अशी गोष्ट म्हणजे त्यांनी वॉलपेपरच्या कारखान्यात नोकरी केली व नंतर भावाबरोबर स्वतःचा जाहिरातींचा व्यवसाय चालवला. त्यांच्या १९५३ च्या एका चित्रात टोपीवाली, जवळजवळ एकसारखी माणसे आभाळभर पावसाच्या थेंबांसारखी टांगलेली आहेत. ती पडत आहेत, चढत आहेत की नुसती थांबली आहेत, ते कळत नाही. जवळून पाहिले की चेहरे अगदी एक नाहीत, हे हळूहळू लक्षात येते. जाहिरातीचे काम करणाऱ्याचे व्यक्तित्व बोथटच होते, असे जर तुम्हाला आतून वाटत असेल, तर ते मनातून काढून टाका.

ढाल हा शब्द मात्र मी हसण्यावारी नेणार नाही, कारण काही लोकांनी ती खरोखर हाती धरली होती. १९३७ मध्ये म्युनिकला नाझी सरकारने ‘अधःपतित कला’ म्हणून सुमारे ६५० कलाकृती टिंगल करण्यासाठी भिंतींवर लावल्या. त्यांत अर्न्स्ट यांचेही चित्र होते. पुढच्याच वर्षी, डिसेंबर १९३८ मध्ये, कैरोतल्या लेखक-चित्रकारांनी ‘अधःपतित कला चिरायू होवो’ या शीर्षकाचा जाहीरनामा काढला. आणि फ्रेंच लेखिका व छायाचित्रकार क्लोद काहुन. त्या स्वतःचीच छायाचित्रे काढत, कधी मुंडण केलेल्या, कधी पहिलवानाच्या वेषात, कधी बाहुलीसारख्या. मी कोण हे मलाच ठरवू द्या, असे त्या छायाचित्रांकडे पाहून वाटत राहते. त्या राहत असलेल्या, इंग्लंड आणि फ्रान्स यांच्यामधल्या जर्सी बेटावर दुसऱ्या महायुद्धात जर्मन सैन्य आले तेव्हा त्या आणि त्यांच्या जोडीदार मार्सेल मूर यांनी जर्मन भाषेत चिठ्ठ्या टाइप करायला सुरुवात केली. एखाद्या विचारी जर्मन सैनिकानेच लिहिल्यासारखा मजकूर, खाली सही ‘नाव नसलेला सैनिक’. त्या चिठ्ठ्या त्या सैनिकांच्या खिशांत, गाड्यांत, सिगारेटच्या पाकिटांत सरकवत. १९४४ मध्ये दोघी पकडल्या गेल्या, मृत्युदंड सुनावला गेला, पण तो अमलात आला नाही आणि बेट मुक्त झाल्यावर त्या सुटल्या. या उदाहरणात मला एक गोष्ट फार मोलाची वाटते. चिठ्ठीवर काहुन यांचे नाव नाही, शैली नाही, व्यक्तित्वाची घोषणा नाही. रांगेतल्या एका सैनिकाने क्षणभर एकट्याने विचार करावा, एवढीच तिची अपेक्षा आहे.

तुमच्या तिसऱ्या चित्रापाशी मी अशीच क्षणभर एकटी पडले. पहिल्या दोन चित्रांना मी ‘अतिवास्तव शैली’ असे नाव देऊन पुढे सरकले होते. तिसऱ्यापाशी नाव सुचले नाही. निळ्या लोकरीचे टाके वाकडे आहेत, शेवटचा धागा कापायचा राहून गेला आहे, आणि ते पाहताना जो माणूस तिथे नाही त्याच्यासाठी कोणीतरी एका संध्याकाळी सुई ओवत बसले होते, हे मला कोणी न सांगता कळले. ‘रिकामे स्वेटर, प्रतीक्षागृह, स्वप्नवत’ एवढी ओळ कोणीही टाइप करील आणि त्याला सहा रिकामे स्वेटर मिळतीलही. रफू मागावे हे त्याला सुचणार नाही. सुचले तरी लोकर निळी का, हे तो सांगू शकणार नाही. तुम्हीही सांगू शकत नाही असे लिहिता, पण तुमचे न सांगता येणे आणि त्याचे न सांगता येणे यांत फरक आहे. तुम्ही ते पाहिलेले आहे.

यंत्र वापरावे का, या प्रश्नाचे उत्तर आता देता येईल. मी त्याला पाप मानत नाही. अर्न्स्ट यांनी जुन्या सचित्र कादंबऱ्या आणि मासिकांतली इतरांनी कोरलेली चित्रे कात्रीने कापून १८२ कोलाजांची एक आख्खी चित्रकादंबरी १९३४ मध्ये काढली. त्यातली रेषाही त्यांची नव्हती. पोलंडचे चित्रकार झ्जिस्वाफ बेक्शिन्स्की १९९० च्या दशकाच्या अखेरीस, सत्तरीला टेकलेले असताना, तैलरंगांकडून संगणकावरच्या छायाचित्र-कोलाजांकडे वळले. साधन नवे आहे म्हणून काम हलके होत नाही. पण कात्रीला आणि प्रणालीला एका तराजूत घालणेही बरोबर नाही. कात्री काहीच सुचवत नाही. काय कापायचे ते तुम्हालाच ठरवावे लागते. प्रणाली मात्र तुम्ही ठरवण्याआधी चार पर्याय पुढे ठेवते, आणि चारांतून एक निवडला की आपण निर्मिती केली असे वाटू लागते. २०२४ मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका प्रयोगात सुमारे ३०० जणांना छोट्या गोष्टी लिहायला सांगितले होते. ज्यांना यंत्राकडून कल्पना मिळाल्या त्यांच्या गोष्टी वाचकांना अधिक चांगल्या वाटल्या, विशेषतः ज्यांची कल्पकता एरवी बेताची होती त्यांच्या. पण त्या सगळ्या गोष्टी एकमेकींसारख्या होत गेल्या. एकेकट्याचा फायदा आणि सगळ्यांचा तोटा, असा तो हिशेब आहे. तेव्हा माझे मत असे की यंत्र आणायचेच असेल तर उशिरा आणा. पहिली कल्पना त्याच्याकडून घेऊ नका. मागची भिंत वाढवायची आहे, एखादी नको असलेली तार पुसायची आहे, असल्या कामाला खुशाल लावा. आणि जिथे वापरले असेल तिथे विचारल्यावर सरळ सांगा. अमेरिकेच्या कॉपीराइट कार्यालयाने फेब्रुवारी २०२३ मध्ये एका चित्रकथेबाबत निर्णय देताना यंत्राने काढलेल्या चित्रांना संरक्षण नाकारले, मात्र लेखिकेचा मजकूर आणि तिने केलेली निवड व मांडणी यांना ते दिले. निकाल कायद्याचा असला तरी तुमच्या प्रश्नाशी तो चांगलाच जुळतो.

सोडून देऊ का, या प्रश्नाला ‘नाही’ एवढेच उत्तर पुरेसे आहे, पण फाइल उघडून बंद करणाऱ्या माणसाला ‘नाही’ म्हणून भागत नाही. अतिवास्तववादी कलावंत मेरेट ओपनहाइम यांनी १९३६ मध्ये, विशीच्या आरंभी, कप, बशी आणि चमचा यांवर केसाळ कातडे चढवले. कॅफेत झालेल्या थट्टेच्या बोलण्यातून सुचलेली ती वस्तू जगभर गाजली, आणि त्यानंतर सुमारे सतरा-अठरा वर्षे त्या स्वतःच्या कामाविषयी गंभीर साशंकतेत अडकून पडल्या. १९५४ मध्ये त्यांनी पुन्हा नेटाने काम सुरू केले. तुमचे तीन आठवडे त्या मानाने काहीच नाहीत, असे म्हणून मी तुमचे दुःख कमी लेखत नाही; थांबणे म्हणजे संपणे नव्हे, एवढेच दाखवायचे आहे.

पुढच्या महिन्यासाठी तुम्हाला काही कामे देते. देवमासे, चंद्र, घड्याळे, पिंजरे, आकाशात जाणारे जिने आणि भिंतीविना उभी दारे यांना महिनाभर रजा द्या. काम सुरू करण्याआधीचा तास फोन दुसऱ्या खोलीत ठेवा. इंटरनेटवरच्या तयार छायाचित्रांना हात न लावता फक्त स्वतः काढलेली छायाचित्रे आणि स्वतः स्कॅन केलेल्या वस्तू वापरा. एरिक योहान्सन हे स्वीडिश कलावंत आपल्या अशक्य वाटणाऱ्या दृश्यांसाठी लागणारी बहुतेक सामग्री स्वतःच छायाचित्रित करतात, आणि त्यामुळे त्यांच्या चित्रांत प्रकाश एकमेकांशी भांडत नाही. साधा फ्लॅटबेड स्कॅनर असेल तर त्याची काच ही तुमची अर्न्स्ट यांची लाकडी फळी समजा: तिच्यावर किल्ल्यांचा जुडगा ठेवा, उसवलेला खिसा ठेवा, स्कॅन चालू असताना वस्तू हळूच सरकवा, आणि जे लांबट, मोडके रूप उमटेल त्याकडे काही ठरवण्याआधी बराच वेळ पाहा. सुचलेली पहिली कल्पना कागदावर लिहून बाजूला ठेवा, दुसरीही ठेवा, आणि तिसरी येईपर्यंत लेअर उघडू नका. कार्यालयात हसताना जो सहकारी सगळ्यांत कमी हसला असेल त्याला घडीच्या खेळात घ्या. तुमच्या फाइलची खालची चार बोटांची पट्टी तेवढी त्याला पाठवा, त्याने उरलेले जोडावे. सकाळी उठल्यावर स्वप्न लिहायचे तर त्याची कथा लिहू नका, वस्तू लिहा. बादली होती तर कुठल्या रंगाची, कडी कुठल्या बाजूची तुटलेली.

एक व्यवहाराची सूचना. रात्रीचे काम स्वतःच्या संगणकावर आणि स्वतःच्या नावावरच्या सॉफ्टवेअरवर करा, आणि नोकरीच्या करारात ‘नोकरीच्या काळात निर्माण केलेले सर्व काम संस्थेचे’ अशा अर्थाचे कलम आहे का ते पाहा. असेल तर पोर्टफोलिओ कोणाला दाखवण्याआधी जाणकाराला विचारा.

वरिष्ठांशी वाद घालू नका, परंतु झालेली गोष्ट गिळूनही टाकू नका. एकांतात त्यांना सांगता येईल, ‘चित्रांवर टीका करा, मला ती हवीच आहे, माझा मजकूर सगळ्यांसमोर वाचून हसणे मला आवडले नाही.’ एवढे दोन वाक्यांत सांगून थांबावे. ते वाक्य पोर्टफोलिओच्या आरंभावरून काढून टाका, असा मात्र माझाही आग्रह आहे. ते चुकीचे आहे म्हणून नव्हे. पाहणाऱ्याने चित्र पाहून जे स्वतः म्हणायला हवे ते तुम्ही आधीच म्हणून टाकता, आणि मग त्याला करायला काही उरत नाही. त्या जागी चित्राचे वर्ष आणि माप लिहा.

भावाला काय सांगायचे? बेक्शिन्स्की आपल्या चित्रांना नावेच देत नसत आणि अर्थाविषयी बोलायला नाराज असत. तुम्ही एवढे ताठ राहायला हवे असे नाही, तो भाऊ आहे. अर्थ सांगण्याऐवजी त्याला तिसऱ्या चित्रासमोर बसवा आणि विचारा, यातला कुठला स्वेटर तुझ्या ओळखीचा वाटतो. तो काय म्हणतो ते ऐका आणि त्याला दुरुस्त करू नका.

आता त्या तिसऱ्या चित्राविषयी, जे तुम्ही उगाच पाठवले. पाण्याचे थेंब फार चकचकीत झाले आहेत, ते जाहिरातीतल्या थंड पेयाच्या बाटलीवरून आलेले दिसतात. त्यांची चमक निम्म्याने कमी करा. भिंतीवरचे घड्याळ पूर्ण काढा, त्याची गरज नाही. चौथ्या खुर्चीखालची सावली इतर पाच सावल्यांच्या उलट दिशेला पडली आहे. ती चुकून पडली असेल तर दुरुस्त करा, आणि मुद्दाम पाडली असेल तर तशीच राहू द्या. रफूला हात लावू नका.